आवडीचा अनुवाद आणि महिन्याचा खर्च : दोन्ही एकत्र कसे चालवावेत

साहित्याच्या अनुवादावर घर चालत नाही, हे मराठीत या क्षेत्रातला कोणीही सांगेल आणि ते खरे आहे. मात्र त्यावरून लोक सहसा दोन टोकांचे निर्णय घेतात. काही जण आवडीचे पुस्तक निवृत्तीनंतर करू म्हणून कपाटात ठेवून देतात. काही जण पैशाचे पुढे पाहू म्हणून नोकरी सोडतात आणि वर्षभरात मिळेल ते काम मिळेल त्या दराने घेऊ लागतात. मी सांगलीत राहून कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सकाळी कादंबरी आणि दुपारी औषधचाचण्यांची संमतीपत्रे, विम्याची माहितीपत्रके, यंत्रांच्या पुस्तिका असा माझा दिवस असतो. ही घडी बसायला मला काही वर्षे लागली. ती ज्या क्रमाने बसली, तोच क्रम येथे मांडते आहे. यातले दर आणि रकमा उदाहरणादाखल आहेत, त्यामुळे आपल्या घरचे आकडे घालून हिशोब पुन्हा करावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आवडीचे काम तोट्यात चालते, हे आधी मान्य करावे. मग तो तोटा नेमका किती रुपयांचा आहे, हे लिहून काढावे आणि तेवढे अनुदान पोटाच्या कामातून ठरवून द्यावे. न मोजलेला तोटा आधी घरातल्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो आणि मग पुस्तकाच्या पानांत उतरतो.

पहिली पायरी : खर्चाचा खरा आकडा

महिन्याला किती लागतात असे विचारले, की आपण किराणा, दूध, वीज, गॅस, फोन आणि घरभाडे किंवा हप्ता यांची बेरीज सांगतो. समजा ती ३८,००० रुपये आहे. ज्यांचे पैसे महिन्याला येत नाहीत, त्यांचा घात वर्षातून एकदाच येणारे खर्च करतात. मुलांची फी ४८,०००, आरोग्यविमा २६,०००, आयुर्विमा २४,०००, दिवाळी आणि लग्नकार्ये २०,०००, लॅपटॉप व फोन बदलण्यासाठी बाजूला टाकायचे १८,००० आणि दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग ८,००० अशी बेरीज केली, तर वर्षाला १,४४,००० रुपये, म्हणजे महिन्याला १२,००० रुपये होतात. खरा खर्च मग ५०,००० ठरतो. त्यात कर आणि बचत यांसाठी १०,००० धरले, की लक्ष्य ६०,००० रुपये होते. घरात दुसरी मिळकत असेल, तर यातला आपला वाटा किती हे दोघांनी बसून ठरवावे. हा आकडा आठवणीवर काढू नये. मागच्या बारा महिन्यांचे पासबुक समोर घेऊन काढावा.

दुसरी पायरी : पानाचा नव्हे, तासाचा भाव

अनुवादकांत दर शब्दावर किंवा पानावर बोलला जातो आणि तेथेच हिशोब चुकतो. रोज सहा तासांप्रमाणे पंचवीस दिवस टेबलाशी बसले, तर दीडशे तास होतात. त्यातले पन्नास तास ईमेल, अंदाजपत्रके, बिले, थकीत पैशांसाठीचे फोन, सणवार आणि आजारपण यांत जातात. मोबदला मिळेल असे तास शंभरच उरतात, आणि ६०,००० रुपयांसाठी प्रत्येक तासाला ६०० रुपये मिळावे लागतात.

आता कादंबरी घेऊ. ती ६०,००० शब्दांची आहे. पहिला खर्डा तासाला २५० शब्दांच्या गतीने केला, तर २४० तास लागतात. मुळाशी ताडून दुसरे वाचन ८० तास आणि छपाईआधीची मुद्रिते तपासायला ३० तास धरले, तर एकूण ३५० तास होतात. प्रकाशकाने एकरकमी ४५,००० रुपये देऊ केले, तर तासाला सुमारे १२९ रुपये पडतात. त्याच ३५० तासांची ६०० च्या भावाने किंमत २,१०,००० रुपये होते. फरक १,६५,००० रुपयांचा आहे आणि हेच त्या कादंबरीचे अनुदान.

हा आकडा पहिल्यांदा कागदावर पाहिला, तेव्हा मला बरेच वाईट वाटले होते. पण आकडा समोर आल्यावरच पुढचा प्रश्न विचारता येतो, की हे अनुदान किती महिन्यांत वाटून द्यायचे? अठरा महिने धरले, तर कादंबरीला महिन्याला साडेएकोणीस तास द्यावे लागतात. विकता येण्याजोगे तास शंभरावरून साधारण साडेऐंशी होतात. कादंबरीचे महिन्याला २,५०० येतात, म्हणजे उरलेले ५७,५०० रुपये साडेऐंशी तासांत मिळवायचे असतात. पोटाच्या कामाचा दर आता ६०० नव्हे, सुमारे ७१५ रुपये ठरला.

या एका आकड्याने माझे बोलणे बदलले. पाच हजार शब्दांचे संमतीपत्र शब्दाला दोन रुपये दराने घेतले, तर १०,००० रुपये मिळतात. मला त्याला तपासणीसह पंधरा तास लागतात, म्हणजे तासाला ६६७ रुपये पडतात. पूर्वी हा दर मला चांगला वाटत असे, पण कादंबरी चालू असताना तो पुरत नाही. सव्वादोन रुपये मिळाले तर तासाला ७५० होतात आणि काम घेता येते. पंचवीस पैशांसाठी घासाघीस करायला मला पूर्वी संकोच वाटायचा. ते पंचवीस पैसे कोणत्या पुस्तकाचे आहेत हे कळल्यापासून वाटत नाही.

तिसरी पायरी : पोटाचे काम निवडून घेणे

पैसे देणारे प्रत्येक काम सारखे नसते. तास किती जातात याइतकेच ते काम भाषेचा कोणता कप्पा वापरते हेही पाहावे. जाहिरातींचा मजकूर बरा पैसा देतो, पण तो लिहून झाल्यावर मला कादंबरीतला साधा संवादही चमकदार करावासा वाटू लागतो. मालिकांची उपशीर्षके करताना एका ओळीत जेमतेम चाळीस-बेचाळीस अक्षरे मावतात. ती कात्री हातात बसली, की लांब वाक्य लिहिताना हात आखडतो. संमतीपत्रांचे तसे होत नाही. 'तुम्ही कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही', हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिले असेल. माझा मराठी मजकूर दुसरा अनुवादक मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत नेतो आणि दोन इंग्रजी मजकुरांत कोठे फरक पडला, त्याचा तक्ता माझ्याकडे उत्तरासाठी येतो. येथे कल्पकतेला वाव नाही, अचूकतेला आहे, आणि वाचणारा एखादा आजारी, घाबरलेला माणूस असतो. हे काम मी मनापासून करते, कारण ते माझ्या सकाळच्या शब्दांना हात लावत नाही. प्रत्येकाचे गणित वेगळे असेल. महिनाभर प्रत्येक कामानंतर, आज उरलेल्या वेळात आवडीचे पान लिहिता आले की नाही, एवढीच नोंद ठेवली तरी आपले उत्तर सापडते.

यंत्राने केलेले भाषांतर तपासून देण्याची कामे आता बरीच येतात आणि त्यांचा दर कमी असतो. ती सरसकट नाकारू नयेत, सरसकट घेऊही नयेत. शब्दाला ८० पैसे दराने पाच हजार शब्दांचे ४,००० रुपये होतात. यंत्राचा मजकूर बरा असेल आणि काम साडेपाच तासांत उरकले, तर तासाला ७२७ रुपये पडतात. मजकूर वाईट असेल आणि दहा तास गेले, तर ४०० पडतात. म्हणून होकार देण्याआधी त्याच फायलीतले ५०० शब्द मागून घ्यावेत, घड्याळ लावून तपासावेत आणि मगच बोलावे. नमुना देण्यास नकार देणाऱ्याचे काम मी घेत नाही.

चौथी पायरी : वेळेची जागा ठरवणे

महिन्याला साडेएकोणीस तास म्हणजे आठवड्याला साडेचार तास. मी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत कादंबरी करते. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असतो. पोटाचे काम आधी संपवून मग शांतपणे कादंबरी, हा क्रम मी दोन वर्षे करून पाहिला आणि त्या दोन वर्षांत माझी चाळीस पाने झाली. पैशाच्या कामाला मुदत असते आणि मागे लागणारा माणूस असतो. कादंबरीच्या मागे कोणी लागत नाही, म्हणून तिला दिवसातली पहिली जागा द्यावी लागते.

त्या दीड तासात किती पाने झाली हे मोजू नये. एका सकाळी मूळ कादंबरीतला 'जगली' हा शब्द माझ्यासमोर होता. कन्नड घराच्या दर्शनी भागातली, जमिनीपासून उंच घेतलेली बसण्याची जागा. ओटा म्हणावे, तर तो उघड्यावरचा वाटतो. ओसरी म्हटले, की कोकणातले किंवा पुण्याकडचे घर डोळ्यांपुढे येते. पडवी उताराच्या छपराची. आमच्याकडे सांगली-मिरज भागात जुन्या घराला सोपा, म्हणजे दर्शनी बैठकीची जागा, असतो आणि त्या पुस्तकातले आजोबा जेथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात, ती जागा मला सोप्यासारखी दिसत होती. पण पुढच्या प्रकरणात पाऊस त्याच जागेवर झेपावतो आणि सोपा तर भिंतींच्या आत असतो. पंचेचाळीस मिनिटे गेली, शेवटी 'सोप्याबाहेरचा कट्टा' असे लिहिले आणि बरोबर जमले म्हणून दिवसभर आनंदात होते. पोटाच्या कामात अशी पंचेचाळीस मिनिटे कोणी देत नाही. ती येथे मिळावीत म्हणूनच तर अनुदान द्यायचे.

नोकरी असेल तर

नोकरी सांभाळून आवडीचे काम करणे हा दुय्यम मार्ग नव्हे. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागात नोकरीला होते आणि त्याच काळात नाटके लिहीत होते. अभिनेते डॉ. मोहन आगाशे तेथेच मनोविकारशास्त्र शिकवत होते. अभिनेते अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून काम करत होते आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. तोवर नाटक थांबले नव्हते, हे या उदाहरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नोकरदाराने आधी नियम वाचावेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीवाचून दुसरा व्यवसाय करू देत नाहीत. साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रासंगिक काम मात्र कर्तव्यात अडथळा न येता करता येते. येथे 'प्रासंगिक' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादी कादंबरी त्यात बसेल, दरमहा अनुवाद एजन्सीची कामे बसणार नाहीत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी आपले १९७९ चे वर्तणूक नियम पाहावेत. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातली अट पाहावी आणि शंका असल्यास लेखी विचारावे.

नोकरी सोडायचीच असेल, तर माझ्या मते तीन गोष्टी हातात असाव्यात : सहा महिन्यांचा खर्च बँकेत, स्वतःच्या नावाचा आरोग्यविमा, आणि एकमेकांशी संबंध नसलेले किमान तीन काम देणारे. तिसरी अट लोक विसरतात. एकाच एजन्सीवर अवलंबून असणे म्हणजे रजा आणि भविष्यनिर्वाह निधी नसलेली नोकरीच.

पाचवी पायरी : पैसे वेळेवर मिळवणे

दर ठरला तरी पैसे येतातच असे नाही. एका एजन्सीने माझे ७२,००० रुपये सात महिने थकवले. मी नम्रपणे स्मरणपत्रे पाठवत राहिले आणि त्या सात महिन्यांत कादंबरीचे एक प्रकरणही झाले नाही, कारण सकाळचा वेळही मिळेल त्या तातडीच्या कामांना द्यावा लागला. 'तुझे पैसे येणार आहेत हे कळते गं, पण कधी ते कळत नाही', असे घरून ऐकावे लागले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर मी पुढील गोष्टी न चुकता करते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, करून घ्यावी. ती आधार आणि पॅन यांवर, ऑनलाइन आणि विनामूल्य होते. ती काम घेण्याआधी असावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांची असते. त्यापुढे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. प्रत्यक्षात तक्रारीची वेळ क्वचित येते. बिलावर एका ओळीत ही तरतूद लिहिलेली असली, की हिशोब विभागातला माणूस ते बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो, असा माझा अनुभव आहे. कामाची व्याप्ती, दर, मुदत आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या ईमेलवर लिहून घ्याव्यात. नव्या ग्राहकाकडून तीस टक्के आगाऊ मागावेत.

कराचे थोडक्यात सांगते. बहुतेक संस्था व्यावसायिक शुल्कातून १० टक्के कर कापून पैसे देतात. ते पैसे गेले असे समजू नये, विवरणपत्र भरल्यावर त्यांचा हिशोब होतो. निम्मे उत्पन्न नफा मानून कर भरण्याची सोपी योजना १९६१ च्या कायद्यात ४४एडीए या कलमाखाली होती, पण ती ठरावीक व्यवसायांसाठी आहे आणि त्या यादीत 'अनुवादक' हा शब्द नाही. चित्रपटाचे संवाद लिहिणारा त्यात बसतो, कादंबरीचा अनुवादक बसतो की नाही हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

आलेले सगळे पैसे एका खात्यात जमा व्हावेत आणि दर महिन्याच्या १ तारखेला त्यातून ठरलेली एकच रक्कम घरखर्चाच्या खात्यात जावी. लाखभर आलेल्या महिन्यातही तेवढीच आणि वीस हजार आलेल्या महिन्यातही तेवढीच. माझ्या घरातली 'कधी' ही तक्रार याच सवयीने थांबली. आपल्याला कोणी भविष्यनिर्वाह निधी देत नाही, म्हणून सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडावे. त्याची मुदत १५ वर्षांची आहे आणि वर्षाला किमान ५०० ते कमाल दीड लाख रुपये भरता येतात, त्यामुळे अनियमित मिळकतीला ते सोयीचे पडते.

सहावी पायरी : पुस्तकाचा करार

अनुदान कमी करण्याची खरी जागा येथे आहे आणि आपण येथेच सर्वांत जास्त संकोचतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अनुवादाचा हक्क मूळ लेखकाकडे असतो, म्हणून त्याची लेखी परवानगी पहिले पान करण्याआधी घ्यावी. लेखक दिवंगत असल्यास, मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे वारसांची परवानगी लागते. त्याच कायद्याने आपला अनुवाद ही आपली स्वतंत्र कृती ठरते. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 'सर्व हक्क कायमचे' असे छापील वाक्य समोर आले, तर ते खोडून मुदत लिहावी. मी तसे तीनदा केले आहे आणि एकदाही पुस्तक परत आले नाही.

एकरकमी ४५,००० की विक्रीवर टक्केवारी, हेही आकड्यावर ठरवावे. ४०० रुपये किमतीच्या पुस्तकावर साडेसात टक्के म्हणजे प्रतीला ३० रुपये. दीड हजार प्रती विकल्या गेल्या, तर दोन्ही रकमा सारख्या होतात. माझा आग्रह असा असतो, की पहिल्या आवृत्तीला एकरकमी मानधन घ्यावे आणि दुसऱ्या आवृत्तीपासून टक्केवारी, शिवाय श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळे ठेवावेत. मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव असावे, हेही करारातच लिहून घ्यावे.

दर मार्चमध्ये

३१ मार्चच्या आठवड्यात मी वही उघडून वर्षाचे तास पुन्हा मोजते. अनुदान ठरवल्यापेक्षा वाढले असेल, तर कादंबरीची मुदत अठरावरून चोवीस महिने करते, आठवड्याच्या तीन सकाळींच्या दोन करते, आणि प्रकाशकाला तसे आधीच कळवते. एखाद्या महिन्यात फारच ओढाताण झाली, तर राखीव रकमेतून महिना काढते, नंतर दर कमी असलेले पण लवकर पैसे देणारे एखादे काम जास्तीचे घेते आणि त्यानेही भागले नाही, तर एक सकाळ सोडते. तिन्ही सकाळी मी सोडत नाही. सध्या बुधवार आणि शुक्रवार चालू आहेत आणि कादंबरीतले आजोबा अजून कट्ट्यावर बसलेले आहेत.